उंचीची भीती आणि मदतनिधीसाठी दिलेला शब्द : आपले अनुभव

उंचीची भीती असूनही एखाद्या चांगल्या कामाला निधी मिळावा म्हणून ज्यांनी दोरावरून उतरणे, मनोरा चढणे किंवा विमानातून उडी मारणे स्वीकारले, त्यांनी आपला अनुभव येथे लिहावा, अशी विनंती आहे. जे वरपर्यंत जाऊन परत फिरले, त्यांच्या अनुभवाचीही मला तेवढीच गरज वाटते.

सुरुवात माझ्यापासून करते. माझ्या वडिलांचे अखेरचे पाच आठवडे असाध्य आजारातील रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या एका केंद्रात गेले. तेथील रात्रपाळीची परिचारिका दर दोन तासांनी त्यांना अलगद कुशीवर वळवत असे आणि वळवण्यापूर्वी प्रत्येक वेळी त्यांची परवानगी विचारत असे. त्या केंद्राला रात्रपाळीसाठी आणखी माणसे नेमायची होती आणि त्यासाठी १४ मजली इमारतीच्या गच्चीवरून रॅपलिंग करण्याचा, म्हणजे दोराच्या आधाराने भिंतीवरून उतरण्याचा, उपक्रम ठरला होता. मी नाव दिले तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या सज्ज्यातही मी कठड्यापासून दोन पावले मागे उभी राहत असे. नाव दिले त्या रात्री मला झोप लागली नाही; पण तोपर्यंत अकरा जणांनी देणगीचा शब्द दिला होता.

माझ्या हाती सहा आठवडे होते. एका समुपदेशक बाईंच्या सल्ल्याने मी रोज एका ठरावीक मजल्याच्या सज्ज्यात जाऊन उभी राहू लागले. त्यांचा नियम एकच होता : भीती शिगेला पोहोचली असताना आत पळून यायचे नाही, ती थोडी तरी ओसरेपर्यंत तेथेच थांबायचे. पहिल्या दिवशी त्याला चाळीस मिनिटे लागली. तळपायांना घाम येत होता, गुडघ्यांतले बळ गेल्यासारखे वाटत होते आणि कठडा इतका घट्ट धरला होता की बोटे दुखू लागली. डोळे मिटून आणि कठडा आवळून उभे राहिल्यास आपण कठड्यामुळेच वाचलो, अशी मनाची समजूत होते आणि भीती आहे तेथेच राहते, हे त्यांनी मला दुसऱ्या आठवड्यात समजावले. त्यानंतर मी एकेक बोट सोडायला शिकले. चौथ्या मजल्यावर आठ दिवस गेले, पण सातव्या मजल्याला दोनच दिवस पुरले. असे का झाले, हे मला आजही सांगता येणार नाही.

प्रत्यक्ष दिवशी सर्वांत कठीण गेला तो पहिला क्षण, म्हणजे गच्चीच्या कडेवर पाठमोरे उभे राहून शरीराचा भार दोरावर सोपवण्याचा. पाय खांद्यांइतके फाकवून, तळवे भिंतीला सपाट टेकवून, खुर्चीत बसल्यासारखे मागे रेलायचे असते. शरीर मात्र भिंतीला बिलगू पाहते, आणि बिलगले की पाय घसरतात. मी प्रशिक्षकांना म्हणाले, "मला परत जायचे आहे." ते म्हणाले, "जरूर जा. आम्ही येथेच आहोत." मी दहा मिनिटे जमिनीवर बसून राहिले आणि मग स्वतःहून उठले. परत जाण्याची मोकळीक मिळाली नसती, तर मी उठले नसते, अशी माझी खात्री आहे. उतरताना अर्ध्या वाटेपर्यंत मला भीतीच वाटत होती. त्यानंतर भिंतीवरच्या रंगाचे पोपडे दिसू लागले, म्हणजे मी पाहू लागले होते.

•

मी कान-नाक-घसा या विषयाचा डॉक्टर आहे आणि मलाही उंचीची भीती आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो. उंचावर आपण डळमळत आहोत असे वाटते, ते निव्वळ मनाचे खेळ नसतात. आपण स्थिर उभे असतानाही शरीर किंचित झुलत असते आणि डोळे, अंतर्कर्ण व स्नायू-सांध्यांकडून येणाऱ्या संवेदना मिळून तो झोका सावरत असतात. जवळची एखादी स्थिर वस्तू समोर असली की झोक्याबरोबर ती डोळ्यांना सरकलेली दिसते आणि शरीर लगेच दुरुस्ती करते. उंच कड्यावर सर्वांत जवळची स्थिर वस्तूच खूप दूर असते. तिचे सरकणे इतके सूक्ष्म असते की डोळ्यांना ते टिपता येत नाही आणि झोका खरोखरच वाढतो. म्हणून मी उंचावर गेलो की हाताच्या अंतरावरील एखादी स्थिर वस्तू नजरेने धरतो आणि सरकत्या ढगांकडे मान वर करून पाहत नाही.

ही सावधगिरी आपल्याला फार लहानपणी येते. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या मानसशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६ ते १४ महिन्यांच्या ३६ बाळांना अशा पटावर ठेवले होते, ज्याच्या एका बाजूला मजबूत काचेखाली खोल जागा दिसत होती. जी २७ बाळे पटावरून पुढे सरकली, त्यांपैकी तीनच त्या खोल दिसणाऱ्या बाजूवर गेली, आणि तेही समोरून आई बोलावत असताना. मला स्वतःला या माहितीने फार धीर दिला, कारण तोवर मी या भीतीला माझ्या स्वभावातील दोष समजत होतो.

मी लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांसाठीच्या निधीकरिता जाळीदार पायऱ्यांचा एक मनोरा चढलो. आपण भोवळ येऊन पडू, ही भीती मला सर्वाधिक होती. वास्तविक अशा भीतीत नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढतात, तर बेशुद्धी सहसा रक्तदाब एकदम उतरल्याने येते. हे मी इतरांना अनेकदा सांगितले होते, तरी त्या पायऱ्यांवर मला ते स्वतःला मोठ्याने सांगावे लागले. एक सूचना मात्र डॉक्टर म्हणून करतो : अंथरुणात कूस बदलतानाही ज्यांना भोवतालची खोली गरगर फिरताना दिसते, त्यांनी अशा उपक्रमाला नाव देण्यापूर्वी कानाची तपासणी करून घ्यावी. ते लक्षण भीतीचे नव्हे.

•

माझा अनुभव विमानातून प्रशिक्षकाबरोबर मारलेल्या उडीचा आहे. तेरा हजार फुटांवर मला उंचीची भीती वाटलीच नाही, ती विमानाच्या उघड्या दाराशी वाटली. खाली जमीन नकाशासारखी दिसत होती आणि तिच्याशी मला जोडणारी भिंत, जिना किंवा कडा असे काहीच नव्हते, म्हणून ती खोलीच मनाला पटत नव्हती. दाराच्या चौकटीने मात्र 'आत' आणि 'बाहेर' असा भेद निर्माण केला आणि पोटात गोळा आला. ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने आपण खाली येत असतो, पण पडल्याची जाणीव होण्याऐवजी अंगावर प्रचंड वारा येत असल्याची जाणीव होते. हवाई छत्री उघडल्यावरची शांतता मला सर्वांत अवघड गेली, कारण मग पायांखालची जागा पुन्हा 'उंची' झाली.

हे मुद्दाम लिहिण्याचे कारण असे की उडी मारून आल्यावर माझी भीती गेली, असे सर्वांनी गृहीत धरले. ती गेलेली नाही. शिडीच्या चौथ्या पायरीवर आजही माझे पाय लटपटतात.

•

मी गेली अनेक वर्षे प्रशिक्षक म्हणून दोराच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो. निधी संकलनासाठी येणाऱ्यांत घाबरलेली माणसे पुष्कळ असतात, आणि त्यांच्याबद्दल मला अतिशय आदर आहे.

उतरणाऱ्याला मी सर्वप्रथम सगळी व्यवस्था हाताने तपासायला लावतो : कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा, कॅराबिनरचे, म्हणजे दोर अडकवण्याच्या धातूच्या कडीचे, फिरवून बंद होणारे कुलूप, हेल्मेटचा पट्टा. एक दोर उतरण्याचा आणि दुसरा स्वतंत्र सुरक्षा दोर; पहिला हातून सुटला तरी दुसरा धरून ठेवतो, हे शब्दांत सांगून भागत नाही. म्हणून जमिनीपासून दोन फुटांवर मी त्यांना मुद्दाम हात सोडायला सांगतो. त्या दोन फुटांवर जो विश्वास बसतो, तोच वर कामाला येतो.

'घाबरू नका' आणि 'खाली पाहू नका' ही दोन वाक्ये मी वापरणे सोडून दिले आहे. पहिल्याने माणूस आपली भीती लपवू लागतो, आणि दुसऱ्याने पाय कोठे टेकवायचे तेच त्याला कळेनासे होते. मी एका वेळी एकच सूचना देतो आणि ती पूर्ण होईपर्यंत थांबतो : डावा पाय एक वीत खाली, आता गुडघा थोडा सैल, आता श्वास सोडा. खाली जमलेल्या आप्तेष्टांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी ओरडून प्रोत्साहन देऊ नये. वरच्या माणसाला त्या आवाजात माझी सूचना ऐकू येत नाही, आणि इतके लोक पाहत आहेत या जाणिवेने परत फिरणे त्याला अशक्य वाटू लागते.

•

मी परत फिरलेल्यांपैकी आहे. अंधांसाठी ध्वनिमुद्रित पुस्तके तयार करणाऱ्या एका मंडळासाठी मी तीस मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून उतरणार होतो. वर पोहोचलो, पट्टे बांधून झाले, कडेपर्यंत गेलो आणि माझे शरीर आज्ञा पाळेनासे झाले. मला पुढे जाता येईना आणि मागेही जाता येईना. प्रशिक्षिकेने माझ्या शेजारी बसून मला गुडघ्यांवर, मग हातांवर आणि शेवटी जिन्यापर्यंत रांगत नेले.

मी कोणतीही तयारी केली नव्हती. कारण चांगले असेल तर धैर्य आपोआप येईल, अशी माझी समजूत होती. वर सज्ज्यातील सहा आठवड्यांविषयी वाचले तेव्हा माझे कोठे चुकले हे प्रथमच नीट कळले.

नंतरचे दोन दिवस मी प्रत्येक देणगीदाराला दूरध्वनी केला आणि त्यांचे पैसे परत घेण्याची मोकळीक दिली. सव्वीस जणांपैकी दोघांनी ते परत मागितले, आणि तो त्यांचा हक्कच होता. एका वृद्ध बाईंनी मला विचारले, "पुस्तके तर होणार आहेत ना?" मी होय म्हणालो, आणि त्यांच्या दृष्टीने विषय तेथे संपला. पुढच्या वर्षी मी त्याच मंडळासाठी बंदिस्त जिन्यातून चाळीस मजले चढलो. तेथे खोली दिसत नव्हती, त्यामुळे ती भीतीची परीक्षा नव्हती आणि मी तसे कोणाला भासवलेही नाही. त्या मनोऱ्याच्या कडेवर मी अजून उभा राहिलेलो नाही. सध्या तिसऱ्या मजल्यावर सराव चालू आहे.

•

एका लहान संस्थेचे हिशेब मी पाहते, म्हणून पैशांविषयी थोडे. स्कॉटलंडमधील टेसाइड भागात धर्मादाय कामासाठी छत्रीच्या साहाय्याने उड्या मारणाऱ्यांच्या दुखापतींचा पाच वर्षांचा आढावा १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात असे आढळले की निधीसाठी मिळालेल्या प्रत्येक पौंडामागे सार्वजनिक आरोग्यसेवेला १३.७५ पौंड खर्च करावे लागले. त्या एका भागावरून आणि त्या काळावरून आजच्या प्रत्येक उपक्रमाविषयी निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. पण धाडसाचा खर्च कोण भरतो, हा प्रश्न त्यामुळे मला कायमचा लागला आहे. म्हणून आमच्या संस्थेत उपक्रमाचा खर्च आणि देणगी यांची खाती वेगळी ठेवतात आणि देणगी मागण्यापूर्वीच दोन गोष्टी लेखी कळवतात : उपक्रमाचा खर्च देणगीतून वजा होणार आहे की नाही, आणि सहभागी व्यक्ती परत फिरली तर देणगीचे काय होईल. वर अनुभव लिहिणाऱ्या गृहस्थांना ते दोन दिवस दूरध्वनी करावे लागले, ते त्यांचे काम नव्हते. ते आयोजकांचे होते.

•

मी जर्मन शिकवतो. जर्मन कवी गटे १७७० ते १७७१ या काळात स्ट्रासबुर्ग येथे कायद्याचे शिक्षण घेत होता, तेव्हा उंचीवर भोवळ येण्याच्या त्रासावर उपाय म्हणून तो तेथील कॅथिड्रलच्या मनोऱ्यावर एकटाच पुनःपुन्हा चढत असे, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. हा मनोरा १४२ मीटर उंच असून त्या काळी जगातील सर्वांत उंच इमारत तीच होती. आता हाच मार्ग घरातल्या खोलीतही आला आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये डोळ्यांवरच्या चष्म्यात दिसणाऱ्या आभासी दृश्यांच्या साहाय्याने केलेल्या १०० जणांच्या चाचणीत उपचार घेतलेल्यांची भीती सरासरी ६८ टक्क्यांनी कमी झाली. मी तसाच चष्मा लावून बारा बैठका केल्या आणि मग एका झुलत्या पुलावरून निधीसाठी चाललो. पुलाचे हलणे मात्र चष्म्याने शिकवले नव्हते.

•

मी दोरावर कधीच नव्हते. माझ्या मुलाच्या शस्त्रक्रियेचा खर्च अशाच एका निधीतून झाला आणि पुढच्या वर्षीच्या उपक्रमाला आभार मानण्यासाठी मी गेले होते. मलाही उंचीची भीती आहे; वर पाहताना माझेच हात गार पडले. एक मध्यमवयीन गृहस्थ फार सावकाश उतरत होते. मध्येच ते थांबत, कपाळ भिंतीला टेकवत आणि पुन्हा एक पाय खाली घेत. आभाराची सगळी वाक्ये मी पाठ करून आले होते. ते जमिनीवर टेकले तेव्हा त्यांची बोटे इतकी थरथरत होती की हनुवटीखालचा पट्टा त्यांना सुटेना. मी पुढे होऊन तो सोडवला, हेल्मेट हातात घेतले आणि ते खाली बसेपर्यंत तशीच धरून उभी राहिले. पाठ केलेले एकही वाक्य माझ्या तोंडून निघाले नाही. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "मुलगा आता धावतो का?"