भाजीच्या वाफ्यांशेजारी कण्हेर, धोतरा, कळलावी: कितपत सुरक्षित?

प्रश्न
परसबागेच्या कुंपणालगत जुनी कण्हेर आहे आणि तिच्या अलीकडे पालक, टोमॅटो व रताळी लावण्याचा विचार आहे. कण्हेरीचे विष मातीवाटे भाजीत उतरते का? शेजारीच धोतरा व कळलावीही लावायची आहे. घरात लहान मूल आहे, तरी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
कण्हेरीचे सर्वच भाग विषारी असले, तरी ती नुसती शेजारी वाढत असल्याने भाजी विषारी होईल ही भीती अनाठायी आहे. खरा धोका चुकीचा पाला किंवा कंद तोडला जाण्याचा आहे. धोतऱ्याची बोंडे तडकून बी आसपास विखुरते, ते पालेभाजीच्या वाफ्यात उगवते आणि कोवळी रोपे घाईच्या खुडणीत सहज मिसळतात. त्यातील अ‍ॅट्रोपिन व स्कोपोलामिन ही विषे शिजवल्याने नाहीशी होतील, यावर विसंबू नये. म्हणून बोंडे हिरवी असतानाच काढावीत. कळलावीचा कंद रताळे समजून खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत (त्यात कोल्चिसिन हे विष असते), त्यामुळे रताळ्यांच्या वाफ्याजवळ ती मुळीच नको.

प्रतिसाद २
वरील मताला एक पुरवणी जोडतो. जिवंत झाडापेक्षा त्याच्या कुजणाऱ्या पाल्याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण विषारी वनस्पतींच्या अवशेषांतून पाझरलेली अल्कलॉइडे (वनस्पतींत तयार होणारी, अनेकदा विषारी द्रव्ये) शेजारची पिके मुळांवाटे शोषून घेऊ शकतात, असे प्रयोगांत दिसले आहे. या झाडांचा पाला भाजीवर आच्छादन म्हणून पसरू नये. कण्हेरीचे पान वाळल्यावरही विषारीच राहते, आणि तिच्या फांद्या जाळल्यास धूरही घातक ठरतो.

प्रश्नकर्ता
मग छाटणीचे खत करावे की तेही टाळावे?

प्रतिसाद १
पूर्ण कुजलेल्या खतात कण्हेरीचे विष बरेचसे विघटित होते. तरीही ते फुलझाडांनाच घालावे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या पाल्याची शंका उरत नाही. छाटताना हातमोजे वापरावेत. धोतऱ्याच्या खुंटावर टोमॅटोचे कलम मात्र कदापि करू नये, कारण तेथे खुंटातील विष थेट फळात चढते आणि अशा टोमॅटोंनी माणसांना विषबाधा झालेली आहे.

प्रतिसाद २
मूल हाताला येईल ते तोंडात घालण्याच्या वयाचे असेल, तर धोतरा व कळलावी तूर्त लावूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या कण्हेरीला मुलाच्या हाताबाहेर ठेवणारे कुंपण करावे. काही पोटात गेल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट न पाहता, उलटी करवण्याच्या खटपटीत न पडता, त्या झाडाची फांदी पिशवीत घालून सोबत घ्यावी आणि तत्काळ रुग्णालय गाठावे.