मदत हवी आहे: नववीला कादंबरी शिकवायची आहे, वर्गात काय घेऊ?

मानेवाड्याची_मॅडम: लवकर सांगा प्लीज, सोमवारपासून सुरू करायचंय. शाळेनं यंदा पूरक वाचनाला अख्खी कादंबरी लावली आणि पोट्टे पहिल्या काही पानांतच अडकलेत. मी वाचून दाखवलं की मागचे बाक झोपतात, गट केले की एकच जण वाचतो नि बाकीचे गप्पा करतात. सारांश, स्वभावचित्र सगळं देऊन झालं, ते नेटवरून उतरवून आणतात. वर्गात करता येईल असं काही सांगा, खेळ म्हणा, नाटक म्हणा, पण पुस्तक उघडलं गेलं पाहिजे. पीपीटी नको. पुस्तक मला फार आवडतं म्हणून जास्त जीव तुटतो.

बर्डीचा_वाचक: ताई, कादंबरी कोणती? माध्यम कोणतं, तास किती मिनिटांचा, प्रत्येकाकडे पुस्तक आहे की झेरॉक्स?

मानेवाड्याची_मॅडम: बनगरवाडी, व्यंकटेश माडगूळकरांची, धनगरांच्या वाडीतल्या शाळेवर आलेल्या मास्तराची गोष्ट. इंग्रजी माध्यम, निम्म्या मुलांच्या घरी हिंदी. तास ३५ मिनिटांचा, पुस्तक दोघांत एक. आता सांगा.

वर्धा_रोड: सोपं आहे, आधी सिनेमा दाखवा. अमोल पालेकरांचा आहे, १९९५ चा. माळ, मेंढरं, धनगरी वेश एकदा डोळ्यांसमोर आलं की पुढचं सोपं जातं, आमच्या पोट्ट्यांनी माणदेश कुठं पाहिलाय.

जुना_मास्तर: आधी सिनेमा अजिबात नको, पुस्तक संपलं की दाखवा. एकदा पडद्यावरचा कारभारी, म्हणजे वाडीचा प्रमुख, पाहिला की पोरं स्वतःचा कारभारी मनात उभाच करत नाहीत, आणि कथा कळलीच म्हटल्यावर पुस्तक कोण उघडतं? तुमची अडचणच ती आहे नं. मॅडम, मी वर्षानुवर्षं एकच नियम ठेवला, कुठलाही खेळ घ्या पण उत्तर पान क्रमांकासकट द्यायचं. एक खुर्ची वर्गासमोर ठेवा. त्यावर बसेल तो शेकूची बायको. वर्गानं विचारायचं, बैल नव्हता तर तू काहून औताला जुंपून घेतलंस, नवऱ्याला नाही काहून म्हटलं नाहीस? खुर्चीवरच्यानं तिच्या जागी राहून उत्तर द्यायचं आणि पुस्तकात कशावरून ते पान दाखवायचं. पान सापडलं नाही तर तो प्रश्न वर्गाचा, सगळे शोधतात. ती बाई पुस्तकात फार बोलत नाही म्हणूनच मुलांना बोलायला जागा मिळते. नंतर आयबू, आनंदा रामोशी, अंजी.

वर्धा_रोड: सर, तुमच्या वेळची मुलं वेगळी. आता दृश्य लागतंच.

जुना_मास्तर: दृश्य लागतं तर त्यांनाच काढायला लावा. वाडीचा नकाशा. शाळा कुठं, तालीम कुठं, कारभाऱ्याचं घर कुठं, पुस्तकात जेवढं सापडेल तेवढंच काढायचं. माडगूळकर स्वतः चित्रं काढणारे होते, त्यांच्या वर्णनातून चित्र आपोआप निघतं. दोन गटांचे नकाशे जुळले नाहीत की भांडण होतं नि भांडण मिटवायला परत पुस्तकच.

गोंदियावाली: मला वाटतं खरी अडचण भाषेची आहे. माणदेशी बोली आपल्या मुलांना परकी वाटते. संवाद नागपुरीत करायला द्या, कारभारी मास्तराला आपल्या भाषेत बोलला की हसत हसत कळेल.

संत्रा_बर्फी: मग ती बनगरवाडी कशाची राहिली? बोली काढली की माणसंच गेली. मोठ्यानं वाचून घ्या, कान सरावतो.

गोंदियावाली: काढा कुठं म्हटलं मी? आधी मूळ वाचायचं, मग आपल्या बोलीत सांगायचं. घरी हिंदी बोलणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी मोठ्यानं वाचायला लावलं तर तो वर्षभर तोंड उघडणार नाही, माझ्या वर्गात झालंय.

शुद्धलेखन_प्रेमी: नववीपासूनच रोज दहा ओळी शुद्धलेखन घ्यावं. ऱ्हस्व-दीर्घाचे गुण बोर्डाच्या परीक्षेत हातचे जातात. दहावीच्या पत्रलेखनाचा नमुना हवा असल्यास देतो.

बर्डीचा_वाचक: दादा, त्यांनी ते विचारलं नाही. मॅडम, औंध संस्थानचा संदर्भ सांगितला का? तालमीच्या उद्घाटनाला राजेसाहेब येतात ते मुलांना गोष्टीतल्या राजासारखं वाटतं. औंधला खरंच सूर्यनमस्काराचं वेड असलेले राजे होते आणि १९३९ साली त्यांनी कारभार लोकांच्या हाती दिला, त्या राज्यघटनेला गांधीजींचं मार्गदर्शन होतं, आपल्या सेवाग्रामचा धागा आहे त्यात. तालमीच्या उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका बनवायला द्या, वाडीतल्या कुणी काय काम केलं ते त्यात यायला पाहिजे.

मानेवाड्याची_मॅडम: हे छान आहे. पण गोंगाट झाला की बाजूच्या वर्गातून तक्रार येते. शांत बसून करण्यासारखं काही?

जुना_मास्तर: हजेरीपट. मास्तर वाडीत आला तेव्हा शाळेत पोरंच नव्हती, सगळी मेंढरांमागं. मुलांनी हजेरी लिहायची आणि गैरहजेरीचं कारण पुस्तकातून शोधायचं. शेवटी दुष्काळ येतो तिथं तोच पट परत भरायचा. कुणाचं नाव कधी गेलं ते लिहिताना नववीचा वर्ग गप्प होतो, सांगावं लागत नाही.

काटोलचा_शेतकरी: आमच्याकडे उन्हाळ्यात मेंढपाळ येतात, रात्री कळप वावरात बसवतो खतासाठी, त्याचे पैसे देतो. सहल काढा, मुलांना त्यांच्याशी बोलू द्या. कळप कसा मोजतात, कुत्रं कुठं झोपतं, लेकरं शाळेत जातात का, हे विचारलं तर पुस्तक कोरडं राहणार नाही.

संत्रा_बर्फी: लेंडीखत संत्र्याला चालतं का हो? किती दिवस कुजू द्यायचं?

काटोलचा_शेतकरी: चालतं, पण चांगलं कुजलेलं पाहिजे. ताजं बुंध्याशी टाकू नका.

मानेवाड्याची_मॅडम: सोमवारी खुर्ची घेते, मंगळवारी नकाशा. हजेरीपट पुस्तक संपेपर्यंत चालू ठेवीन. एकच सांगा सर, खुर्चीवर पहिल्या दिवशी वाचणाऱ्या मुलीला बसवू की मागच्या बाकावरच्याला?

जुना_मास्तर: मागच्या बाकावरच्याला. शनिवारीच त्याला चार पानं नेमून द्या आणि पुस्तक त्याच्याकडेच घरी पाठवा, जोडीदाराकडे नको.

वर्धा_रोड: आणि संपल्यावर सिनेमा.

जुना_मास्तर: संपल्यावर, हो.