पत्रबुद्धिबळातली बरोबरी मोडायची कशी?

म्हापशेकर: इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणकाचा प्रोग्रॅम, वापरायची उघड मुभा असलेलं आयसीसीएफ या जागतिक संघटनेचं पत्रबुद्धिबळ मी खेळतो. दहा खेळ्यांना पन्नास दिवस. रात्र रात्र संगणक तापवायचा, विजेचं बिल भरायचं आणि वर्षभराने पदरात काय, तर बरोबरीचा अर्धा गुण. घरची विचारते, “जिंकलात की हरलात?” काय सांगू कपाळ!

माझं म्हणणं, टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेसारखं करावं. तिथे सुरुवातीच्या खेळ्या आधीच ठरवून देतात, मुद्दाम एका बाजूला झुकणाऱ्या, आणि तीच सुरुवात दोघांनाही दोन्ही रंगांनी खेळावी लागते. अमेरिकी चेकर्स या सोंगट्यांच्या पटावरच्या खेळातही पहिल्या तीन खेळ्या चिठ्ठी काढून ठरवतात.

सांखळीचा घोडा: पात्रांव, हिशेब चुकतोय. सुरुवात फार झुकती दिली तर पांढऱ्या सोंगट्यांनी तुम्हीही जिंकणार, मीही जिंकणार. एक-एक. बरोबरी गेली कुठे? दोन डावांत वाटली गेली, एवढंच.

म्हापशेकर: म्हणून तर काठावरची स्थिती हवी. काळा वाचेल की बुडेल हे इंजिनालाही लवकर कळू नये अशी. किंग्ज इंडियन या काळ्याच्या ओपनिंगमधल्या काही वाटा तशा आहेत. तिथे कुठली वाट खोल तपासायची हे माणूसच ठरवतो. खेळाडूचं कसब उरलंय ते तिथेच.

फोंड्याचं प्यादं: ठरवून दिलेल्या खेळ्या मला मान्य नाहीत. ओपनिंगची तयारी हाच तर या खेळाचा जीव! त्यापेक्षा गुणपद्धत बदला. स्टेलमेट, म्हणजे समोरच्याच्या राजाला शह नाही पण त्याला एकही खेळी उरलेली नाही अशी कोंडी, करणाऱ्याला पाऊण गुण द्या. जुना जगज्जेता लास्करसुद्धा स्टेलमेटला काही मोल असावं म्हणायचा. आज कडेचं प्यादं आणि चुकीच्या रंगाचा (प्यादं वजीर होतं त्या कोपऱ्याच्या घरावर न पोचणारा) उंट घेऊन बसलेल्याला काहीच मिळत नाही, कारण समोरचा राजा कोपऱ्यात जाऊन बसतो. तिथे पाऊण गुण मिळाला तर अशा शेवटाकडे जाणारे कितीतरी बचाव बाद होतील.

सांखळीचा घोडा: हे पटतं. पण दोघांचे उंट विरुद्ध रंगांच्या घरांवर असले की होणारी बरोबरीची तटबंदी तशीच राहणार.

मडगावची सोंगटी: मग मागच्या रांगेतल्या सोंगट्यांची मांडणी बदलणारं बुद्धिबळ ९६० खेळा ना! पाठांतराची कटकटच नाही.

म्हापशेकर: पाठांतर माणसाला लागतं, बाई. इंजिन त्या ९६० मांडण्यांतूनही तसंच तगून राहतं.

फोंड्याचं प्यादं: २०२५ मध्ये आपल्या हडफड्याला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सिंदारोव आणि वेई यी या ग्रँडमास्टरांचे दोन्ही क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत सुटले, तेव्हा जलद डावांनी निकाल लावला. आपल्याला तीही सोय नाही. पत्राने ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांचा डाव, कसा खेळणार?

सांखळीचा घोडा: म्हापशेकर, तुमची ती किंग्ज इंडियन पाठवा. दोन डाव, दोन्ही रंगांनी. स्टेलमेटला पाऊण गुण धरू. निकाल पुढच्या चतुर्थीपर्यंत लागला तर नशीब.