शाळेत प्रदूषण शिकवायचं म्हणजे नुसती चित्रं रंगवून घ्यायची का?

चौकस_मावशी
पर्यावरण सप्ताह आला की ठरलेलं आहे सगळं. तोंडात थर्मामीटर धरलेली रडकी पृथ्वी, बाजूला पवनचक्की, खाली यमक जुळवलेलं घोषवाक्य. मुलं मन लावून रंगवतात, एकाला बक्षीस मिळतं आणि शाळा सुटली की तीच मुलं गेटबाहेर इंजिन चालू ठेवून थांबलेल्या गाड्यांच्या धुरातून वाट काढत घरी जातात.

माझं म्हणणं, घोषणा बंद करा आणि मोजायला शिकवा. हाताने फिरवायचा छोटा जनरेटर मिळतो, काही न जोडता फिरवला तर हँडल भिरभिर फिरतं, त्याला जुना तारेचा बल्ब जोडला की तेच हँडल एकदम जड लागतं, आणि बल्ब काढून एलईडी लावला की परत हलकं. वीज फुकट येत नाही हे मनगटाला जेवढं कळतं तेवढं धडा पाठ करून कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

रोखठोक
साफ असहमत. मोजून मुलांनी करायचं काय? घरात गाडी कुठली घ्यायची, बस कुठल्या रस्त्याने न्यायची, वीज कोळशावर करायची की उन्हावर, यातलं एक तरी त्यांच्या हातात आहे का? मोठ्यांनी घाण करायची आणि अपराधी वाटून घ्यायला पोरं. २०२१ मध्ये लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ या संशोधन-नियतकालिकात दहा देशांतल्या १०,००० तरुणांचा सर्व्हे आला होता, त्यात ५९ टक्के लोक हवामानबदलाने खूप किंवा प्रचंड काळजीत होते. तुम्ही ती काळजी अजून लहान वयात नेताय.

चौकस_मावशी
तो सर्व्हे १६ ते २५ वयाचा होता, पाचवी-सहावीचा नाही. आणि सरकारं पुरेसं काही करत नाहीत असं वाटण्याशी त्या काळजीचा संबंध दिसला, हे तुम्ही सोयीस्कर गाळलंत.

शंकासुर
माझी तक्रार वेगळीच आहे. मुलांना अर्धवट सांगतात. इलेक्ट्रिक गाडी म्हणजे शून्य प्रदूषण असं तक्त्यावर छापलेलं असतं. वीज कोळशाची असेल तर धूर फक्त दुसरीकडे गेला ना? टायर आणि ब्रेकची झीज तर कुठेच गेली नाही. उद्या पोराने हे विचारलं तर बाई काय उत्तर देणार?

जुना_मास्तर
शंकासुर, हाच तर तास आहे हो! विज्ञान शिकवत आलोय म्हणून जरा लांबण लावतो. पेट्रोल इंजिनात इंधनातली साधारण २० ते ३० टक्के ऊर्जा चाकापर्यंत जाते, बाकीची उष्णता होऊन उडते. इलेक्ट्रिक मोटर ८५-९० टक्क्यांच्या आसपास काम करते, पण कोळशाच्या वीजकेंद्रातच दोन तृतीयांशाच्या घरात ऊर्जा वाया गेलेली असते. हा हिशोब आठवीच्या मुलांना फळ्यावर मांडायला लावा. वीज कशाची यावर उत्तर बदलतं हे ती स्वतःच काढतात, शून्य प्रदूषणवाला तक्ता मग तीच खोडतात.

हवेचंही तसंच. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण, केसाच्या जाडीच्या वीस-पंचविसाव्या भागाएवढे. व्हॅसलीन लावलेला पांढरा कागद खिडकीत लटकवून भिंगाने बघायचा प्रयोग सगळे करतात, मीही केला, पण त्यावर दिसते ती मोठी धूळ, फुफ्फुसात खोल जाणारे कण दिसतच नाहीत. त्यासाठी हवेतले कण मोजणारा स्वस्तातला लेझर सेन्सर आणा. मेणबत्ती नीट जळत असताना आकडा बघा, मग फुंकर मारून विझवा आणि तो पांढरा धूर जाताना आकडा कसा उसळतो ते बघा. पुढची गंमत म्हणजे धुकं पडलं की हाच सेन्सर पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजतो. यंत्र फसतं आणि का फसतं हे मुलांना कळणं मला प्रदूषणाच्या धड्यापेक्षाही मोलाचं वाटतं.

रोखठोक
मास्तर, तास छानच झाला. हवा तीच राहिली.

जुना_मास्तर
हवा बदलते की. दक्षिण कॅलिफोर्नियात नव्वदच्या दशकापासून शाळकरी मुलांच्या तीन तुकड्यांची फुफ्फुसं तपासत गेले. २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आला: हवा जसजशी सुधारली तसतशी नंतरच्या तुकड्यांच्या फुफ्फुसांची वाढ जास्त चांगली झाली. अशी चांगली बातमी वर्गात सांगत नाही कुणी, तुमची ती काळजी त्यानेच कमी होईल.

रोखठोक
म्हणजे माझंच म्हणणं झालं! तिथे गाड्यांचे आणि इंधनाचे नियम कडक केले म्हणून हवा सुधारली, निबंधस्पर्धेने नाही. इटलीतल्या बोल्झानोमध्ये १९८९ मध्ये शाळा भरता-सुटताना समोरचा रस्ता गाड्यांना बंद करायला सुरुवात झाली. मोठ्यांनी रस्ता बंद केला, विषय संपला. तुम्ही मुलांच्या खांद्यावर बंदूक ठेवून आईबापांवर नेम धरताय.

चौकस_मावशी
आणि रस्ता बंद करा म्हणून मागणी कोण करणार, आकड्याशिवाय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली, तरी गेटपाशी किती आहे हे शाळेलाच माहीत नाही. लहान मुलं वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त हवा ओढतात, वर त्यांचं नाक गाडीच्या धुराच्या नळीला जवळ. मुलं रोज सुटायच्या वेळी इंजिन चालू ठेवलेल्या गाड्या मोजतील, शेजारी सेन्सरचा आकडा लिहितील, एवढंच मागतेय मी. घरी जाऊन बाबांना ओरडा असं कुठे म्हटलं?

शंकासुर
ओरडणारच ती, पोरं आहेत :) पण चालू इंजिनं मोजण्याला माझा पाठिंबा. मास्तर, सेन्सर लावायचा कुठे?

जुना_मास्तर
एक गेटपाशी, मुलांच्या नाकाच्या उंचीवर. दुसरा मागच्या बाजूला, रस्त्यापासून लांब. आधी दोन्ही शेजारी ठेवून सारखा आकडा दाखवतात का बघून घ्या, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. पाऊस लागू देऊ नका. वाऱ्याची दिशा लिहायला विसरू नका.

रोखठोक
मोजा बापडे. फक्त तो तक्ता मुलांच्या वहीत ठेवू नका, पालकसभेत प्रोजेक्टरवर लावा, आणि शिक्षकांच्या गाड्याही त्यात धरा.