जुन्या सिस्मिक सर्व्हेचा डेटा पुन्हा प्रोसेस करतायत म्हणे, म्हणजे आमच्या वावराखाली काही सापडलं का?

वावर_धुरा (ता. वणी):
नमस्कार मंडळी. दहा एकर वावर आहे आमचं, पऱ्हाटी अन् तूर. मागच्या आठवड्यात दोन पोरं गावात आली, हातात जीपीएस अन् जुन्या नकाशाची झेरॉक्स, पारावर म्हाताऱ्या माणसांना विचारत होती की चाळीसेक वर्षांआधी इथं तारा टाकून, बोअर मारून सुरुंग उडवले होते तो पट्टा कोणाकोणाच्या वावरातून गेला होता. बाबांना आठवतं, ते तेव्हा शाळेत होते, सुरुंग उडाला की पायाखालची जमीन थरारायची अन् भोकातून चिखलपाणी वर उसळायचं. पोरं म्हणाली, तेल-गॅसच्या शोधासाठी जुना डेटा नव्यानं प्रोसेस करायचाय, बस्स एवढंच. ते गेले अन् दोन दिवसात एक दलाल हजर. म्हणतो खाली गॅस सापडला, सरकार मातीमोल भावात घेईल, त्यापेक्षा मला आत्ताच इसार करून द्या. शेजारच्या काकांनी टोकन घेऊन सही केली पण. बाबा डगमगायला लागलेत, रात्री झोपत नाहीत. काही सापडल्याशिवाय कोणी एवढा खटाटोप करतं का? अन् इतक्या वर्षांनी तार कुठून गेली हे काहून पाहिजे त्यांना?

ट्रेस_मिस्त्री (नागपूर):
भाऊ, आधी बाबांना सांगा, कुठंही सही करू नका. मी बारा वर्षं हेच प्रोसेसिंगचं काम करतोय.

सुरुंग उडाला की लाटा खाली जातात, खडक बदलला की त्यातली थोडी परत वर येते, जमिनीत खोचलेले जिओफोन ती पकडतात. चार-पाच सेकंदांचं रेकॉर्ड, साधारण दर 4 मिलीसेकंदाला एक आकडा, ते सगळं टेपवर. तेव्हा कॉम्प्युटरची ताकद कमी, म्हणून आधी सगळे ट्रेस, म्हणजे एकेका जिओफोननं पकडलेली रेकॉर्डं, एकत्र रचायचे म्हणजे स्टॅक करायचे अन् मग थर जागेवर बसवायचे. आता स्टॅकच्या आधीच एकेक ट्रेस त्याच्या जागी नेता येतो, त्याला प्रीस्टॅक मायग्रेशन म्हणतात. शिवाय आपली काळी माती कुठं चार फूट कुठं वीस फूट, तिच्यातून लाट हळू चालते, त्यामुळं खालचा सपाट थरही कागदावर वरखाली दिसतो, ते स्टॅटिक्स सुधारणं आता फार बरं जमतं. जुनाच सातबारा चांगल्या चष्म्यानं वाचावा तसं समजा. सातबाऱ्यावर नसलेलं नाव चष्म्यानं येत नाही!

अन् हे काही सापडलं म्हणून करत नाहीत, नव्या सर्व्हेपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं म्हणून आधी करतात. नव्या सर्व्हेला माणसं, गाड्या, बोअर, पिकाची भरपाई, सगळं आलं. सरकारनं 2016 साली नॅशनल सिस्मिक प्रोग्राम काढला, देशभर 48,243 लाइन किलोमीटरचा, तोही ज्या भागांची पाहणी झाली नव्हती किंवा फार थोडी झाली होती तिथं. म्हणजे सर्व्हे झाला की सापडलं असं कुठंच नसतं.

आपल्याकडं तर मोठी अडचण म्हणजे काळा दगड, डेक्कन ट्रॅप. त्यातून लाट सेकंदाला पाच-सहा किलोमीटर पळते, खालच्या गाळाच्या खडकात बहुतेक त्यापेक्षा हळू. लाव्हाच्या थरावर थर, प्रत्येक थर लाटेला फोडतो, बारीक फ्रिक्वेन्सी, म्हणजे भराभर थरथरणाऱ्या लाटा, वरच मरतात. खाली पोचतात त्या जाड, संथ, 10 हर्ट्झच्या (सेकंदाला दहा थरथरी) आसपासच्या किंवा त्याखालच्या. अन् जुने जिओफोन बहुतेक 10 हर्ट्झचे, त्याखालचं ते धड घेतच नव्हते. जे टेपवर उतरलंच नाही ते मी कितीही रात्री जागलो तरी काढू शकत नाही, याचं खरंच वाईट वाटतं कधीकधी.

ट्रॅपखाली दरवेळी जाड गाळ असतोच असंही नाही. किल्लारीला 1993 च्या भूकंपानंतर बोअर घेतलं होतं, 617 मीटर. त्यात 338 मीटर काळा दगड, त्याखाली फक्त 8 मीटर गाळ अन् मग सरळ जुना कठीण पायाखडक. आपल्या वर्धा पट्ट्यात गोंडवानाचा, म्हणजे ट्रॅपच्याही आधीच्या जुन्या गाळाच्या थरांतला, कोळसा आहे म्हणून लोकांना आशा असते, ती अगदीच खोटी नाही, पण गॅस आहे की नाही हे बोअर घेतल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही, तो दलाल तर नाहीच नाही.

नातू_मारेगाव:
माझे आजोबा अशाच एका पार्टीत तारा ओढायला होते, वणीच्याच बाजूला. धागा वाचून दाखवला तर उठून बसले. ते बोलले तसंच टाइप करतो.

"आमी तारा घेऊन पुढं, बोअरवाले मागं. सायबानं झेंड्या सरय रेषेत लावल्या होत्या. पण अवकायी पाणी आलं, नाल्यात गारा झाला, बोअरची गाडी फसली. मंग आमी तार वरच्या अंगानं फिरवली, मोठ्या मोहाच्या झाडापासून शंभर-सव्वाशे पावलं, अन् पल्याड जाऊन पुन्हा झेंडी धरली. सायेब वहीत लिवत होता का नाही मले मालूम नाही. माती भेगायली असली का जिओफोनचा खिया बसे ना, त आमी पायानं दाबून बसवत होतो."

ट्रेस_मिस्त्री:
आजोबांना माझा साष्टांग नमस्कार सांगा. वावर_धुरा भाऊ, ती पोरं तार कुठून गेली हे विचारत होती ते याच्यासाठीच! टेपवर शॉटचा म्हणजे सुरुंगाचा नंबर असतो, जागा असतेच असं नाही. जागा सर्व्हेच्या कागदात, अन् कागद हरवले, वाळवीनं खाल्ले की आम्ही नकाशावरची सरळ रेघ धरतो. शंभर-सव्वाशे पावलं म्हणजे सत्तर-ऐंशी मीटर. सुरुंग अन् जिओफोन यांच्यातलं अंतर चुकलं की लाटेचा वेग चुकतो, वेग चुकला की थर फिसकटून दिसतो, अन् मग कोणीतरी म्हणतं की तिथं फॉल्ट आहे, म्हणजे खडक तुटून सरकलाय. फॉल्ट बिल्ट काही नसतो, नाल्याजवळ तार वळलेली असते. वळण माहीत असेल तर वाकड्या लाइनचं प्रोसेसिंग वेगळ्या पद्धतीनं करता येतं, सुरुंग अन् जिओफोनच्या मधले बिंदू खऱ्या जागी मोजून.

जिऑलॉजी_अमरावती:
मी एमएस्सीला आहे. इतक्या जुन्या टेप अजून चालतात का?

ट्रेस_मिस्त्री:
बऱ्याच चालतात. काहींचा गोंद दमटपणानं चिकट होतो, मशीनवर लावली तर लेप खरवडून निघतो. अशी टेप आधी 50 अंशांच्या आसपास काही तास ओव्हनमध्ये मंद भाजतात, मग लगेच वाचून कॉपी करून घ्यायची, पुन्हा चिकटायच्या आत. कॉपी बहुतेक एसईजी-वाय फॉरमॅटमध्ये, तो 1975 पासून चालत आलाय. टेप गेलीच असेल अन् नुसता कागदी सेक्शन, म्हणजे थरांचं छापील चित्र, उरला असेल तर स्कॅन करून आकडे काढता येतात, पण ते स्टॅक झालेले, त्याचं प्रीस्टॅक काही होत नाही. इंटर्नशिप शोधत असशील तर फर्स्ट ब्रेक, म्हणजे ट्रेसवर लाट पहिल्यांदा पोचते तो क्षण, हातानं पिक करायला शीक, कंटाळवाणं आहे पण सगळं त्यावरच उभं आहे.

अन् भाऊ, जमिनीचं. जुना डेटा प्रोसेस करायला तुमच्या वावराचा ढेकूळही लागत नाही, काम सगळं कॉम्प्युटरवर. जमीन घ्यायची तर राजपत्रात अधिसूचना निघते. वणीकरांना कोळशाचं माहीतच आहे, 1957 चा कायदा, आधी कलम 4 ची सूचना, मग 7, मग 9. तसं काही निघालंय का तहसीलमध्ये विचारा. काकांनी ज्यावर सही केली तो कागद वकिलाला याच आठवड्यात दाखवा, उशीर नका करू.

वावर_धुरा:
खूप आभार सगळ्यांचे. बाबांना सगळं वाचून दाखवलं, ते म्हणाले की तो नाला आपल्याच शिवेचा, तिथं बोअरची गाडी फसली होती, आम्ही शाळा सोडून पाहायला गेलो होतो. काकांना घेऊन सोमवारी वणीला वकिलाकडं जातो. नातू भाऊ, परवा मोटरसायकल घेऊन मारेगावला येतो, आजोबांना जमेल का तेवढं विचारून ठेवा. त्या पोरांचा नंबर आहे बाबांजवळ, त्यांनाही बोलावतो. मोहाचं झाड आता नाही राहिलं, पण त्याचं बुड धुऱ्यावर अजून आहे, तिथूनच पावलं मोजता येतील.