‘पॅलिएटिव्ह’ला मराठीत काय म्हणावं?

बाबांच्या कागदांवर डॉक्टरांनी आता ‘पॅलिएटिव्ह’ असं लिहिलंय. आईला मी ‘वेदनाशामक उपचार’ म्हणून सांगितलं, तर तिला वाटलं दुखणं थांबवायची गोळी दिलीय. कुणी ‘उपशामक’ म्हणतं, कुणी ‘परिहारक’. नेमका शब्द कोणता?

—

‘परिहारक’ नको. शंकेचा परिहार झाला की शंका उरत नाही; इथे आजार राहणारच असतो. ‘उपशामक’ बरा. त्यात शम् धातू आहे, शांत होणे. ‘वेदनाशामक’ फारच तोकडा, कारण धाप, मळमळ, झोप न लागणं, मनातली भीती हे सगळंच या उपचारात येतं.

मूळ लॅटिन ‘पॅलियम’, म्हणजे अंगावर ओढून घ्यायचं वस्त्र. त्यावरून झाकणे या अर्थाचं क्रियापद झालं. एखाद्याचा अपराध सौम्य करून सांगणे यासाठीही इंग्रजीत तेच वापरतात. आपणही चुकीवर पांघरूण घालतोच की! उपचाराच्या संदर्भात मात्र मला त्या पांघरुणाची ऊबच महत्त्वाची वाटते. माँट्रियलच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात 1975 साली असा विभाग सुरू झाला, तेव्हा तिथले डॉक्टर बालफोर माउंट यांनी हा शब्द निवडला. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या शुश्रूषेच्या जागेला इंग्रजीत ‘हॉस्पिस’ म्हणतात, पण तिथल्या फ्रेंच भाषकांना ‘हॉस्पिस’ म्हटलं की निराधारांचा आसरा आठवायचा.

—

आयुर्वेदातला ‘याप्य’ चालेल का? कालयापनातलाच ‘यापन’, म्हणजे घालवणे, पुढे नेणे. उपचार चालू आहेत तोवर आटोक्यात राहणारा रोग तो याप्य. सुश्रुतसंहितेत उपमा आहे: पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेला टेकू जसा सावरून धरतो, तशी चिकित्सा याप्य रोग्याला धरून ठेवते.

—

उपमा अगदी चपखल. पण याप्य हे रोगाचं विशेषण आहे, उपचाराचं नाही; ‘याप्य उपचार’ म्हटलं तर अर्थ बिघडेल. शिवाय याप्य रोगी उपचारांवर वर्षानुवर्षं काढू शकतो. शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला तो शब्द लावणं मला पटत नाही.

ताई, कागदावर ‘उपशामक उपचार’ लिहा. आईंशी बोलताना मात्र संस्कृत शब्द कशाला? बरं होणं वेगळं आणि बरं वाटणं वेगळं, हा फरक मराठीत प्रत्येकाला कळतो. ‘आजार आता जाणार नाही, पण बाबांना बरं वाटावं म्हणून हे उपचार आहेत,’ असं सांगा. यातलं पहिलं वाक्य गाळू नका.

—

काल रात्री तसंच सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे आता त्यांना आवडतं ते खायला देऊ ना?”