शब्दचर्चा : 'पालोच्का' म्हणजे काय आणि ते टंकायचं कसं?

प्रश्न : रशियातल्या दागिस्तानातले अवार लोक आपल्या भाषेला 'मआरुल मात्स' म्हणतात. सिरिलिक, म्हणजे रशियन ज्या लिपीत लिहितात त्या लिपीत हे नाव शोधलं तर दोन्ही शब्दांत मध्येच इंग्रजी एकचा आकडा दिसतो. तो वाचायचा कसा? त्याचं नाव 'पालोच्का' असं कळलं. मराठीत त्याला 'दंड' म्हणावं का?

प्रतिसाद : तो आकडा नाही, अक्षर आहे. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात अवार, चेचेन, काबार्दियन अशा भाषा रोमन लिपीतून सिरिलिकमध्ये आणल्या गेल्या. त्यांतल्या कित्येक ध्वनींसाठी रशियन वर्णमालेत सोयच नव्हती, म्हणून ही उभी रेघ घेतली. तुम्ही दिलेल्या नावातच तिची दोन कामं दिसतात. पहिल्या शब्दात ती 'ग'च्या सिरिलिक अक्षरामागे येते आणि दोन्ही मिळून अरबी 'ऐन'सारखा घशातला उच्चार होतो. दुसऱ्या शब्दात ती 'त्स'मागे येते. तिथे कंठ क्षणभर मिटून व्यंजन झटक्याने सोडायचं. हा आपला महाप्राण नव्हे. 'ख', 'थ'च्या वळणावर वाचलं तर चुकेल.

'दंड' मला पटत नाही. आपल्याकडे दंड हे विरामचिन्ह आहे आणि पालोच्का वर्णमालेतलं अक्षर. रशियनमध्ये पालोच्का म्हणजे छोटी काठी. जादूच्या कांडीलाही तिकडे हाच शब्द आहे. अर्थ सांगताना 'कांडी' म्हणावं, अक्षराचं नाव मात्र पालोच्काच ठेवावं.

प्रश्न : मग सगळे एकचा आकडा का लिहितात?

प्रतिसाद : कारण नेहमीच्या कळफलकावर हे अक्षर नसतं. रशियन टंकयंत्रावर नव्हतं, विंडोजच्या १२५१ या सिरिलिक कोडपेजच्या (अक्षरांच्या क्रमांकांच्या तक्त्याच्या) २५६ जागांतही नव्हतं. त्यामुळे कोणी एक लिहितो, कोणी रोमन मोठा आय, कोणी युक्रेनियन आय. डोळ्यांना सगळं सारखंच, पण संगणकाला ही निरनिराळी चिन्हं. एकाने आकडा घालून लिहिलेला शब्द दुसऱ्याने आय घालून शोधला तर साध्या शोधात सापडत नाही. मजकूर लहान लिपीत (लोअरकेसमध्ये) बदलला की रोमन आणि युक्रेनियन आयवर टिंब उगवतं आणि शब्दच बिघडतो. आधीच कमी मजकूर असलेल्या भाषेचा शब्दसाठा असा चार वाटांनी फुटावा, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याला हे परकं वाटू नये. 'ॲ' हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी 'अ'वर वेगळा चंद्र चढवत असत, अजूनही काही ठिकाणी चढवतात. 'ॲप' दोन्ही तऱ्हांनी सारखाच दिसतो, पण आतले क्रमांक वेगळे: एकीकडे नुसता २४१८, दुसरीकडे २३०९ आणि २३७३ अशी जोडी. युनिकोड या दोन्ही रूपांना समान मानत नाही.

प्रश्न : लेखात हे नाव मूळ लिपीत द्यायचं आहे. नेमकं काय करू?

प्रतिसाद : पालोच्काचा युनिकोड क्रमांक १२१६, हेक्साडेसिमल (सोळा पायाच्या) पद्धतीत ०४सी०. विंडोजवरच्या वर्डमध्ये रोमन अंक-अक्षरांत ०४सी० लिहा, लगेच ऑल्ट आणि एक्स एकत्र दाबा, रेघ उमटेल. वेबपानासाठी एचटीएमएलमध्ये १२१६ हा क्रमांक वापरता येतो.

एक बारकावा आहे. आधी युनिकोडमध्ये हे एकच रूप होतं. २००६च्या ५.० आवृत्तीत लहान लिपीतलं रूप आलं, क्रमांक १२३१. काटेकोरपणे शब्दाच्या मध्ये तेच हवं. पण जुन्या फाँटांत ते नसतं आणि त्या जागी रिकामा चौकोन दिसतो, म्हणून बरेच जण सगळीकडे १२१६च वापरतात. मीही तेच सुचवेन. फक्त एकाच लेखात दोन्हींची सरमिसळ करू नका, आणि कुठून मजकूर उचलून चिकटवलात तर आत आकडा किंवा आय तर नाही ना, हे आधी तपासा.